सातपाटी ते ऑकलंड

सातपाटीची हंसा जन्मभर मासळी सुकवत आली. बांबूंवर बोंबील टांगायचे आणि सुकले की पालघरच्या बाजारात नेऊन बसायचं. मुलगा धर्मेश इंजिनिअर होऊन न्यूझीलंडला गेला. सून हिमानी बाळंत व्हायची होती तेव्हा त्याने आईला बोलावून घेतलं. हंसा घाबरली. बारा हजार किलोमीटर म्हणजे किती, हेच तिला समजेना. धर्मेश फोनवर हसला. एक रात्र झोप काढायची, सिंगापूरला विमान बदलायचं, की ऑकलंडला मी उभाच आहे, असं त्याने समजावलं. नवरा कमलाकांतही म्हणाला, जा, मी बघतो माझं.

ती सहा महिने राहिली. नात रिद्धीला न्हाऊमाखू घातलं, सुनेचं सगळं केलं. परत आली तेव्हा कमलाकांत निम्मा झाला होता. एकट्यासाठी त्याने कधी धड चूल पेटवलीच नव्हती.

दोन वर्षांनी तो होडीतून उतरताना धक्क्यावर कोसळला आणि उठलाच नाही. धर्मेश फोनवर खूप रडला, निघतो म्हणाला. पुतण्या कुंदनने बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणल्या. मासळीसाठी येतो तोच बर्फ कमलाकांतच्या भोवती रचला. पाणी ओट्यावरून अंगणात वाहत राहिलं, आणि माणसं त्यातून पाय उचलून येत-जात राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मेशचा फोन आला.

"आई, माझी वाट बघू नका. सिंगापूरला थांबावं लागतं, मग मुंबई, पुढे गाडीने. फार वेळ जाईल. बाबांना इतकं ठेवणं बरं नाही."

"मी आलते ना त्याच वाटेनी," हंसा म्हणाली. "किती लांब हाय ते मला ठावं हाय. गावात बर्फ कमी नाय."

मग धर्मेश हळूच म्हणाला की नवीन नोकरी आहे, आत्ता रजा मागता येत नाही.

हंसाने फोन कुंदनच्या हातात दिला आणि तयारी करायला सांगितली. अग्नीही कुंदननेच दिला. धर्मेश तेराव्यालाही आला नाही.

पुढच्या वर्षी हिमानीला पुन्हा दिवस गेले. तिकीट कधीचं काढू, असं धर्मेशने विचारलं. हंसा नाय म्हणाली. तिने कारण सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. मग बाळंतपणाला हिमानीची आई ऑकलंडला गेली.

तेव्हापासून फोन सणासुदीलाच येतो. मुलगा झाला. त्याचं नाव काय ठेवलं, हे हंसाला कुंदनच्या बायकोकडून कळलं. तिने मोबाइलवर बारशाचा फोटो पाहिला होता.

बाजारात शेजारी बसणाऱ्या ठकीने एकदा विषय काढला. गेली असतीस तर नातवाला डोळे भरून बघितलं तरी असतंस, असं ती म्हणाली.

बघितलं असतं, हंसा म्हणाली, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला बोंबील बांधून देऊ लागली.