बाराच्या घंटेआधीची पाच मिनिटं

त्या शाळेत मी एकच वर्ष होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं. वसईतल्या एका गावात, चर्चच्या आवाराला लागून ती मराठी शाळा होती, आणि मला पाचवीपासून पुढच्या वर्गांना इंग्रजी शिकवायला घेतलं होतं. माझं सगळं शिक्षण मुंबईत, इंग्रजी माध्यमातलं. आईचं माहेर वसईतल्याच उमेळ्याचं, म्हणून गावातली बोली मला कळायची. पण मी तोंड उघडलं की पुस्तकातली वाक्यं बाहेर पडत आणि शिक्षकांच्या खोलीत हसू फुटे. मग मी तोंड उघडणंच कमी केलं.

माझ्याशी आपणहून बोलणारी एकच बाई होती. ती पाचवीची वर्गशिक्षिका. पन्नाशीची, पाच मुलांची आई, आवाज आख्ख्या व्हरांड्यात ऐकू जाईल असा. सगळे तिला टीचरच म्हणत. आठवड्यातून एकदा तरी ती आपल्या वाडीतली केळी पिशवीतून आणायची आणि माझ्यासमोर ठेवायची. "खा गं, मुंबईची बाय. वारा आला तर उडून जाशील." मी "थँक यू" म्हणायचे. "थँक यू कसलं, साल कचऱ्यात टाक, म्हणजे झालं."

तिच्या वर्गात एक दहा वर्षांची मुलगी होती. नायगावच्या बाजूला खाडीकाठी मिठागरात काम करणाऱ्या माणसांची. एरवी शांत, वही नीट लिहिणारी. पण आठवड्यातून दोन-तीनदा तिला काहीतरी व्हायचं. ती बाक उलथवायची, हाताला येईल ते फेकायची, जवळ येईल त्याला चावायची, आणि कोणी नसलं तर स्वतःच्याच मनगटाला. टीचरच्या हातावर तिच्या दातांचा व्रण होता. एकदा शाळेच्या शिपाई मावशींनी तिला खाली पाडलं आणि पाठीवर बसून राहिल्या. मावशी अंगानं भारी. त्या उठल्या तेव्हा मुलीचे ओठ निळे पडले होते.

मुख्याध्यापिका सिस्टर त्या दिवशी घाबरल्या. त्यांनी मुलीच्या वडलांना बोलावलं. ते दारातच उभे राहिले, आत येईनात. "घरी असा कधीच करत नाय ती," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणाले. "घरी शांत असते. पानी भरते, भावाला बघते." टीचर हळूच मला म्हणाली, "सगळेच बाप असं सांगतात."

सिस्टरनी मुंबईच्या एका रुग्णालयात मुलांसाठी काम करणाऱ्या एका पारशी बाईंना बोलावलं. तीन शनिवार येऊन त्या शिक्षकांना अशा मुलांना कसं सांभाळायचं ते शिकवणार होत्या. सिस्टरनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं, की तिसऱ्या शनिवारी निर्णय घ्यायचा. तोपर्यंत जमलं नाही तर मुलीचं नाव काढून टाकायचं. जवळ दुसरी शाळा नव्हती. नाव काढलं की ती मिठागरातच जाणार, हे न सांगताही सगळ्यांना माहीत होतं.

पारशी बाईंना मराठी येत नव्हती, म्हणून भाषांतराचं काम माझ्याकडे आलं. मला ते नकोच होतं. पण त्यात एक सोय होती. बोलायचं, पण आपलं काही बोलायचं नाही.

पहिल्या शनिवारी त्यांनी सांगितलं की मुलगी बिथरली की बोलणारा माणूस एकच असावा, बाकीच्यांनी इतर मुलांना बाहेर न्यावं. तिच्यासमोर छाती काढून उभं राहू नये, जरा बाजूला वळून, हात दिसतील असे ठेवून उभं राहावं. दार अडवू नये. धरायची वेळ आलीच तर दोघांनी दोन बाजूंनी, कोपराच्या वर आणि मनगटाच्या मागे. पालथं पाडायचं नाही, छातीवर किंवा पाठीवर भार द्यायचा नाही, आणि अंग सैल पडलं की लगेच सोडायचं. मी हे मराठीत सांगितलं तेव्हा मावशी भिंतीकडे बघत होत्या.

मग सराव. मुलगी कोण होणार? "हीच," टीचर म्हणाली. "किती वजन आहे हिचं, बघा!" सगळे हसले. मी मध्ये उभी राहिले. मला हात-पाय झाडायला सांगितलं होतं, पण ते जमेना, मी नुसती थरथरले. टीचरनं एका बाजूनं आणि गणिताच्या सरांनी दुसऱ्या बाजूनं मला धरलं. टीचरचा हात उबदार होता, तिच्या लुगड्याला साबणाचा वास होता. पारशी बाई म्हणाल्या, आता सोडा. टीचरनं सोडलं, आणि मला वाटलं, जरा उशिरा सोडलं असतं तरी चाललं असतं. त्या गावात आल्यापासून मला कोणी हात लावला नव्हता.

बाईंनी जाताना एक कागद दिला. प्रत्येक वेळी त्यावर लिहायचं: किती वाजता झालं, किती वेळ चाललं, कोणी काय केलं, आणि त्याआधीच्या पाच मिनिटांत काय घडलं.

आधीच्या पाच मिनिटांत काय घडायचं, ते मला माहीत होतं.

दुपारी बाराला चर्चची घंटा वाजे. शाळेत सगळे जिथे असतील तिथे उभे राहत, हात जोडत, डोळे मिटत आणि प्रार्थना म्हणत. पाचवीत त्याआधीचा तास माझा असायचा. घंटेच्या सुमाराला टीचर वर्गात येई, पुढे उभी राही, आणि मी मागे खिडकीपाशी. घंटा त्या खिडकीच्या अगदी जवळ होती. पहिल्या ठोक्याला ती मुलगी दोन्ही कानांत बोटं घालायची. तिचा बाक पहिलाच, आणि टीचर त्याला टेकूनच उभी असायची. ती डोळे न उघडता हात खाली नेई, मुलीची बोटं कानांतून काढी आणि तिचे हात जोडून ते आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवी. जशी तिनं स्वतःच्या पाचही मुलांना प्रार्थना शिकवली असेल, तशीच. आपण असं करतो हे तिला माहीतही नसावं. वरून ठोके पडत राहत आणि मुलगी हात ओढत राही. कधी ती कसंबसं निभावून नेई, कधी नाही.

हे कोणालाच दिसत नव्हतं, कारण सगळ्यांचे डोळे मिटलेले असायचे. माझे नसायचे. लहानपणापासूनची खोड. लोक डोळे मिटतात तेवढाच वेळ मला त्यांच्याकडे निर्धास्त बघता येतं.

दुसऱ्या शनिवारी बाईंनी कागद वाचला. दोन नोंदी होत्या. "आधी काय झालं" या रकान्यात टीचरनं दोन्हीकडे लिहिलं होतं, "काही नाही. प्रार्थना चालू होती." बाईंनी विचारलं, प्रार्थनेत काय होतं? टीचर म्हणाली, "प्रार्थनेत काय होणार? प्रार्थनाच होते." मी तेच इंग्रजीत सांगितलं. माझं स्वतःचं काही सांगितलं नाही. सांगायचं तर टीचरचं नाव घ्यावं लागणार होतं, आणि सिस्टरसमोर कबूल करावं लागणार होतं की मी प्रार्थनेत डोळे उघडे ठेवते.

पुढच्या आठवड्यात पुन्हा झालं. या वेळी टीचरनं आणि सरांनी तिला शिकवल्याप्रमाणे धरलं. इतर मुलांना मी व्हरांड्यात नेलं. पाच-सात मिनिटांत ती सैल पडली, कोणाला लागलं नाही, कोणी ओरडलं नाही. टीचर घाम पुसत बाहेर आली. "बघितलंस? कशी धरली?" तिला खरंच आनंद झाला होता. मी म्हटलं, "हो, टीचर. छान धरलीत." आत मुलगी भिंतीला टेकून बसली होती आणि पाण्याच्या पेल्याकडे बघतही नव्हती.

तिसऱ्या शनिवारी सिस्टर कागद हातात घेऊन म्हणाल्या, "धरायला आपण शिकलो, ते चांगलंच. पण हे थांबत नाही. रोज दोन माणसं कुठून आणायची? मला वाटतं, आपण तिच्या वडलांना बोलावू या." मी ते इंग्रजीत सांगितलं. पारशी बाई म्हणाल्या, आधीच्या पाच मिनिटांचं मला अजून कोणी सांगितलेलं नाही. मी ते मराठीत सांगितलं. सिस्टर पुन्हा कागद वाचायला लागल्या. मग माझाच आवाज आला.

"सिस्टर, मी सांगू?"

आणि मी सांगितलं. कान, बोटं, मूठ, सगळं. पुस्तकी मराठीत, टेबलाकडे बघत. कोणी हसलं नाही.

टीचरनं आधी आपल्या हातांकडे बघितलं. मग माझ्याकडे. "आणि तू हे कुठून बघितलंस? डोळे उघडे ठेवून?"

"हो."

"सगळे देवाचं नाव घेत असताना तू आमच्याकडे बघत असायचीस. वर्षभर."

पारशी बाई मला विचारत होत्या, काय चाललंय? मला ते सगळं पुन्हा एकदा इंग्रजीत सांगावं लागलं, टीचरच्या शेवटच्या वाक्यासकट.

सिस्टरनी हातातला कागद टेबलावर ठेवला. मग मला म्हणाल्या, "बाराला पाच कमी असताना तिला मागच्या विहिरीकडे न्या. तुम्हीच न्या. महिनाभर बघू. नाव राहू दे."

तेव्हापासून रोज मी तिला शाळेच्या मागे नेत असे. तिथे घंटा दबलेली ऐकू येई. ती कानांत बोटं घालून विहिरीच्या कठड्यापाशी उभी राहायची, मी दोन हात लांब. शेवटचा ठोका झाला की ती एक बोट काढून विचारायची, "झाला?" मी म्हणायचे, "झाला." आमचं बोलणं तेवढंच. ती मला कधी चावली नाही, कधी माझ्याकडे बघून हसलीही नाही. त्या महिन्यात कागदावर एकही नोंद झाली नाही, आणि पुढे कागद ठेवायचंच बंद झालं. वर्षअखेरीला ती सहावीत गेली.

शिक्षकांच्या खोलीत मी आले की आता बोलणं थांबायचं. कोणी वाईट बोललं नाही. टीचर तर माझ्याशी फार नीट बोलायची. "तास संपला का?" "हजेरी ठेवलीय." मुंबईची बाय म्हणणं तिनं सोडून दिलं होतं.

शाळेचं वर्ष संपायला थोडेच दिवस उरले असताना एकदा, घंटा वाजत असताना, टीचर विहिरीकडे आली. प्रार्थना सोडून आली होती, हे मला तिथेच कळलं. ती पपईच्या झाडापाशी थांबली. मुलगी डोळे घट्ट मिटून, कोपरं वर करून उभी होती, आणि प्रत्येक ठोक्याला तिचे खांदे उडत होते. टीचर ते सगळे ठोके संपेपर्यंत बघत राहिली. मग पदर सावरून, माझ्याकडे न बघता, आली तशी परत गेली.