अनंताच्या कळ्या

आमच्या कॉलनीत येणारा माळी आधी झाडाकडे बघत नाही. मातीत बोट खुपसतो, ते हुंगतो आणि मग घरातल्या बाईकडे, आरोपीकडे बघावं तसं बघतो.

तीन वर्षांनी माझ्या अनंताला पहिल्यांदा कळ्या धरल्या आणि त्याच आठवड्यात पानं पिवळी पडू लागली. मी त्याला बोलावलं. त्याने बोट हुंगलं.

“नळ आला की शिळं पानी समदं हितंच वतताय न्हवं?”

आमच्याकडे नळ चार दिवसांनी येतो. ताजं भरायचं तर आधीच्या बादल्या रिकाम्या करायलाच हव्यात.

“मग काय गटारात ओतू?”

“काळी माती हाय ताई, पानी धरून बसती. मुळं कुजाय लागल्यात. वाळू घालतो, पन आता ह्येला कळ्यांचं वझं झेपायचं न्हाय.” असं म्हणत तो कळ्या खुडू लागला.

“अहो, थांबा!”

“फुलं पायजेत का झाड?”

एकेक कळी त्याच्या टोपीत पडत होती. शेवटच्या कळीपाशी त्याने हात मागे घेतला.

“ही तुमी खुडा.”

मी खुडली. तेव्हा कुठे त्याची नजर निवळली.

“आता जगंल,” तो म्हणाला.