हौदातली भेग आणि अण्णांचा शब्द

"खोटं बोलताय तुम्ही." माझ्या बापाला मी हे तोंडावर म्हटलं होतं.

आज अण्णांना जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धासाठी मुरुडला आलेय.

अण्णा गवंडी होते. अर्ध्या गावाच्या भिंती त्यांच्या हातच्या. मी नांदेडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि माझी पीएचडी बॅक्टेरियांवर.
हे बॅक्टेरिया सिमेंटमध्ये झोपून राहतात. भेग पडून आत पाणी शिरलं की जागे होतात, चुनखडी तयार करतात आणि भेग बुजते.

मुरुडला आमच्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी. तोवर हौद रिकामा, उन्हात तापून तडकणारा.
यापेक्षा कठीण परीक्षा कुठली? म्हणून अंगणातल्या वापरायच्या पाण्याच्या हौदाला मी आतून तसलं प्लास्टर केलं.

अण्णांना पहिल्या दिवसापासून संशय.

"जंतू? हौदात? समद्या गल्लीला जुलाब लावतीस काय?"
"निरुपद्रवी असतात, अण्णा."
"तुला सांगून गेलेत व्हय?"

पहिली भेग पडली तेव्हा त्यांना आनंदच झाला. दोन्ही टोकांना पेन्सिलनं खुणा केल्या. पाणी संपलं की आत उतरून बघायचे.

दोन महिन्यांनी फोन आला.
"ये बघाया. तुझे जंतू काम करायलेत."

मी गेले. भेगेच्या जागी पांढरी रेघ.
आणि अण्णांच्या अंगठ्याच्या नखातही पांढरा चुना.

आता संशयाची पाळी माझी.

तंबाखूचा चुना त्यांच्या नखात कायमच असायचा, मान्य. पण दहावीत विज्ञान प्रदर्शनातलं माझं गळकं धरण यांनीच गुपचूप लिंपलं होतं, आणि वर शपथ घेऊन नाही म्हणाले होते. पोरीसाठी हा माणूस काहीही करेल.

लॅबमध्ये तपासलं. कॅल्शियम कार्बोनेट.
बॅक्टेरिया बनवतात तेही तेच, चुना वाळून होतं तेही तेच. डोकं फिरायची वेळ.

"अण्णा, खरं सांगा. चुना भरलात ना?"
"न्हाई."
"खोटं बोलताय तुम्ही."

 अण्णा चुन्याची डबी खिशात टाकून बाहेर गेले.

थिसिसमधून मी हौद काढून टाकला. एकदा जेवताना त्यांनी विचारलं,
"आपला हौद हाय का त्यात?"
"पुरावा नाही, अण्णा."
"म्या सांगायलो की. म्या पुरावा न्हाई व्हय?"

मी हसून विषय बदलला. हसले मी!
महिन्याभरात त्यांना अटॅक आला.

काल हौद धुवायला आत उतरले. वर्षभर कुणीच उतरलं नव्हतं. आईचे गुडघे दुखतात, ती वरूनच पाणी काढते.

मागच्या भिंतीवर एक नवी पांढरी रेघ.

फोनमधले हौदाचे जुने फोटो उघडले. अण्णा गेले त्या आठवड्यात ती भिंत कोरी होती. म्हणजे भेग नंतर पडली, आणि आपली आपण बुजली. नखानं खरवडून पाहिली. घट्ट.

जुन्या भेगेचा हा पुरावा होत नाही. माझे गाईड हेच म्हणतील, मीसुद्धा विद्यार्थ्याला हेच सांगेन.
तरी ओल्या हौदात मटकन बसले आणि पोटभर रडले.

"काय झालं गं? लई घसरडं हाय का?" आई वरून विचारत होती.
"नाही आई. येते वर."

अण्णा, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायला मी तुम्ही जाईपर्यंत थांबले. चुकलं माझं.
नमस्कार करते.