गोलसमोरचा कोहळा

"कोहळा कुणी फोडला? गोलच्या तोंडाशी कोहळा कुणी फोडला रे?"

अण्णांचा आवाज असा, की मल्लेश्वरमच्या मेट्रोत बसलेली माणसं दचकून एक स्टेशन आधीच उतरली असतील. अण्णा म्हणजे आमच्या कॉलेजचे फुटबॉल कोच. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत मुरलेल्या मराठी घरातले. मी गोलकीपर, बेळगावकडून शिकायला आलेला.

"मी फोडला, अण्णा. काल आयुधपूजा होती ना!"

या शहरात आयुधपूजेला बस, रिक्षा, लेथ मशीन, सगळ्यांना हार घालतात आणि पुढ्यात कुंकू भरलेला कोहळा आपटतात. दुसऱ्या दिवशी त्याच्यावरून निम्म्या स्कूटरी घसरतात, तरी पुढच्या वर्षी पुन्हा आपटतात. आम्हीही बूट पुजले, बॉल पुजला, अण्णांची शिट्टी पुजली. मग गोलकीपरचं आयुध कोणतं? गोल! चामराजपेटहून कोहळा आणला, तो एवढा की रिक्षावाल्याने त्याला चौथी सवारी धरलं.

आणि गरजही तशीच होती. त्या मोसमात आम्ही एकूणएक सामना हरलो होतो. प्रिन्सिपॉलनी सांगून टाकलं होतं, "शेवटच्या सामन्यात निदान बरोबरी करा. नाहीतर टीम बंद, मैदानावर पार्किंग." बाकीच्यांचं ठीक होतं. माझं बेळगावी कन्नड ऐकून वर्ग हसायचा, माझं इंग्रजी ऐकून मीच हसायचो. या शहरात मला हाक मारणारी माणसं होती ती या टीममधली दहा. टीम गेली की मी कुणाचा?

"झाडा ते!" अण्णा ओरडले. आम्ही झाडलं. फोडी निघाल्या, पण गर चिखलात मुरला तो मुरलाच.

थोड्या वेळाने तोच शेवटचा सामना सुरू झाला. समोर मारतहळ्ळीकडची टीम. एकेक गडी असा, की ऊन आमच्यापर्यंत पोचेना. दहाव्या मिनिटाला आमचाच बॅक त्या गरावरून सटकला, मला घेऊन जाळ्यात गेला, आणि त्यांच्या फॉरवर्डने बॉल आमच्या मागून सावकाश आत ठेवला. देवघरात समई ठेवावी तसा.

मध्यंतरात सगळे माझ्याकडे बघत होते. माझी मान खाली.

"आता ते कोहळ्याचं टोक कुणाचं?" अण्णांनी विचारलं.

"बाजू बदलल्या, आता त्यांचं."

"सरी, ठीक आहे. पडलात तरी बॉल सोडायचा नाही. स्वल्पसुद्धा नाही."

दुसऱ्या अर्ध्यात त्यांनी माझ्यावर शंभर शॉट मारले. बरं, नव्वद धरा. एक छातीवर घेतला, एक मांडीवर, एक सरळ नाकावर. रक्त पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून खांद्याला नाक घासलं आणि पुन्हा उभा राहिलो. आमचा बॅक लंगडत होता. अण्णांनी बाहेर बोलावलं, तर म्हणाला, "ऐकू येत नाही."

शेवटच्या मिनिटांत कॅप्टन बॉल घेऊन सुटला. कोहळ्यावर पाय पडला आणि गडी बसला. पण बॉल दोन पोटऱ्यांत घट्ट! हँडबॉल नको म्हणून दोन्ही हात आभाळाकडे, आणि बसल्या बसल्याच घसरत, त्यांच्या गोलकीपरला वळसा घालून, बॉलसकट जाळ्यात. रेफरीने आधी त्याच्याकडे, मग आभाळाकडे पाहिलं आणि शिट्टी फुंकली. एक-एक.

आम्ही नाचत, रडत प्रिन्सिपॉलच्या खुर्चीपुढे गेलो. माझं नाक सुजून कोहळ्याएवढं, कॅप्टनची चड्डी मागून कुंकवाने लालभडक.

"सर," मी म्हणालो, "टीम राहिली ना?"

त्यांनी आधी चड्डी पाहिली, मग माझं नाक.

"राहिली. तेवढं मैदान धुऊन घ्या."