मागून दिलेला शब्द

वनमालाबाई मेश्रामांना माणसं कमी आवडत आणि बिनचूक म्हटलेल्या गाथा जास्त. सरकारी शाळेत एकतीस वर्षं शिकवून त्या रिटायर झाल्या, पण हातातलं लाल पेन काही खाली ठेवलं नाही. समोरच्यानं तोंड उघडायचा अवकाश, बाई मनातल्या मनात चुका काढायला लागत. सून मराठी ऐकून उत्तर हिंदीत देई, नापास. शेजारची पायल च्युइंगगम चघळत वंदना म्हणे, नापास. रायपुरात रेल्वे लाइनीपलीकडच्या त्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, नागपूर-भंडाऱ्याकडून आलेली पन्नासेक बौद्ध घरं होती, आणि या सगळ्या घरांत बाईंच्या मते पास झालेला माणूस एकच. बाबाराव गजभिये.

बाबाराव रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते आणि पाऱ्याचे बौद्धाचार्यही तेच. लग्न असो, नामकरण असो की मयत, धुतलेला पांढरा सदरा घालून सायकलवर जायचं, त्रिशरण-पंचशील द्यायचं, गाथा म्हणायच्या, कपभर चहा प्यायचा आणि घरी यायचं. भाषण नाही, फोटो नाही, हारतुरे तर नाहीच. बावीस वर्षं दर रविवारी वनमालाबाई विहारात त्यांच्या मागे बसल्या आणि नुसत्या ऐकून सगळ्या गाथा त्यांना पाठ झाल्या, अगदी ऱ्हस्व-दीर्घासकट.

शेवटच्या तीन वर्षांत म्हातारा विसरायला लागला. पहिल्यांदा एका लग्नात, ऐन गाथेच्या मध्ये, बाबाराव थांबले आणि शून्यात बघत राहिले. बाईंनी मागून पुढच्या ओळीचा पहिला शब्द हळूच म्हटला. गाडी रुळावर आली. तेव्हापासून तीच रीत पडली. बाबाराव पुढे, बाई हातभर मागे. ते अडले की बाईंनी एक शब्द द्यायचा, तोही ओठ न हलवल्यासारखा. हे कुणाला कळलेलं नाही, अशी दोघांचीही पक्की समजूत होती.

एकदा सायकल हातात धरून घराकडे चालताना बाबाराव म्हणाले, "बाई, माह्या मयतीत जो कोणी गाथा म्हणन, त्याच्या मागं बसजा."

"मीच म्हणीन ना, काका."

"तुम्ही म्हणा, नाही तर कोणी म्हणो. एकट्यानं म्हणणं कठीण असते. मागं कोणी तरी पायजे."

"हव," बाई म्हणाल्या. आपण दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं त्या स्वतःबद्दल मानत.

मग बाबारावांचे गुडघे गेले, आणि विहार समितीचं अध्यक्षपद दिवाकर खोब्रागडेच्या हाती पडलं. दिवाकर सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न प्लांटात सेफ्टी सुपरवायझर. दिवसभर लोकांवर हेल्मेटसाठी ओरडायचं हे त्याचं काम, आणि विहारातही तो त्याच आवाजात 'नमो बुद्धाय' म्हणे. एवढ्यावर निभावलं असतं. पण त्यानं नागपूरला जाऊन शिबिर केलं. 'श्रद्धेतून नेतृत्व, नेतृत्वातून आत्मविकास'. पाच दिवसांचं! तथागतांना बिचाऱ्यांना सहा वर्षं लागली होती.

दिवाकर गेला तेव्हा माणूस होता, आला तो लॅमिनेट होऊन. प्रमाणपत्राला तात्यापाऱ्यातल्या दुकानातून सोनेरी चौकट करून आणली आणि विहाराच्या भिंतीवर, जिथं कॅलेंडर होतं तिथं, ठोकली. चटया गुंडाळून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. गालाला चिकटणारा माइक आणला. समोर माणसं अकरा, त्यातली दोन ऐकू न येणारी म्हातारी, पण माइकशिवाय नेतृत्व घशातून बाहेर पडत नसावं.

"फ्रेंड्स, पंचशील म्हणजे काय?" तो विचारी आणि कुणी सांगण्याआधी स्वतःच सांगे, "पाच लीडरशिप स्किल! अन् तथागत म्हणजे दुनियेतले पहिले टीम लीडर. एक जोरदार ताली हो जाए!"

अकरा माणसं टाळ्या वाजवत. वनमालाबाई हाताची घडी घालून बसत. वंदना संपल्यावर प्रत्येकानं उठून 'या आठवड्यात मी स्वतःत काय बदल केला' हे सांगायचं, अशीही एक टूम निघाली. बाईंची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "काहीच नाही. गरज पडली नाही." लोक हसले, दिवाकरही हसला. त्याला आपला पाणउतारा झालेला कळत नाही की कळूनही तो हसतो, हे बाईंना ठरवता आलं नाही, म्हणून त्यांनी 'बिनडोक' असा शेरा देऊन विषय मिटवला. उथळ पाण्याला खळखळाट फार. पाऱ्यातली पोट्टेपोट्टी आता रविवारी विहारात यायला लागली होती, हे मात्र बाईंना दिसत होतं. पण ती तर जत्रेलाही जातात, त्यात काय मोठं!

याच दिवाकरनं एका दुपारी बाईंचं दार वाजवलं. चपला बाहेर काढून उंबऱ्याशी उभा राहिला.

"मॅडम, मले लग्नाच्या गाथा येतात, ऐकून ऐकून. मयतीच्या नाही येत. शिकवता का?"

बाईंच्या जिभेला धार चढली. "काहून? शिबिरात नाही शिकवल्या? पाच दिवस का नुसत्या तालियाच वाजवल्या?"

दिवाकरनं कान खाजवला. "हव, तिथं नाही शिकवल्या."

"मग त्या शिबिरातल्या माइकवाल्याले विचार."

आठ दिवसांनी तो पुन्हा आला, या वेळी शंभर पानी वही घेऊन. बाई वाटाणे सोलत होत्या. "मले टाइम नाही," त्या मान वर न करता म्हणाल्या. तो गेल्यावर ही गोष्ट त्यांनी सुनेला दोनदा सांगितली, आणि दुसऱ्यांदा सांगताना वहीचं वर्णन जास्त रंगवलं.

वैशाखात बाबाराव गेले. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत थांबले नाहीत. वनमालाबाईंनी डोळे पुसले, स्टार्चची पांढरी साडी काढली आणि आरशासमोर उभं राहून मयतीत म्हणतात ती अनित्यतेची गाथा एकदा पुरी म्हणून घेतली. आता कोणी तरी बोलवायला येईल. येणारच. त्यांच्याशिवाय कोणाला येतंय?

कोणी आलं नाही. फोन वाजला, तो ग्रुपवरच्या मेसेजचा: 'आदरणीय गजभिये काकांचा अंतिम संस्कार, सकाळी ११ वाजता. विधी: अध्यक्ष दिवाकर खोब्रागडे.' खाली हात जोडल्याची नऊ चित्रं. बाईंनी ते तीन वेळा वाचलं. बावीस वर्षं! आणि हा उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग बांधून तयारच! बाई तडक निघाल्या.

स्मशानघाटावर ऊन असं तापलं होतं की उभं राहवत नव्हतं. चितेवर बाबारावांना ठेवलं होतं. समोर त्यांची बायको सरलाबाई फरशीवर बसली होती, शेजारी मुलगा गौतम. प्रत्येकाच्या मुठीत वाहायला फुलांच्या पाकळ्या. दिवाकर पांढऱ्या सदऱ्यात पुढे उभा राहिला, त्या दिवशी माइकशिवाय. वनमालाबाई सवयीनं त्याच्या मागे गेल्या आणि हातभर अंतरावर उभ्या राहिल्या.

त्रिशरण झालं. पंचशील झालं. मग दिवाकरनं खिशातून मोबाइल काढला. गाथा त्यात उतरवून घेतल्या होत्या साहेबांनी! पण त्या उन्हात पडद्यावर काळ्या काचेशिवाय काही दिसेना. त्यानं हातानं सावली धरली, मोबाइल तिरपा केला, डोळ्यांजवळ नेला. लोक थांबले होते. कुणी तरी खाकरलं.

दिवाकरनं मान वळवून वनमालाबाईंकडे पाहिलं.

बाबाराव अडले की असेच बघत. शब्द बाईंच्या जिभेवर होता, नुसता सोडायचा होता. पण त्यांना सोनेरी चौकट आठवली, ग्रुपवरचा तो मेसेज आठवला. आता बोलाव म्हणावं तुझी टीम! बाईंनी ओठ मिटले आणि नजर चितेकडे वळवली.

दिवाकर घामानं निथळत होता. अडलेल्या माणसाच्या तोंडून जे पाठ आहे तेच बाहेर येतं. त्यानं जयमंगल गाथा सुरू केली. लग्नाची.

पाऱ्यातल्या लग्नांत ती गाथा चालू असताना नवरा-नवरीवर फुलं टाकतात. लहानपणापासून हाताला ती सवय. पहिलं कडवं संपलं आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईचा हात आपोआप उठला. पाकळ्या चितेवर पडल्या. तिच्यामागून आणखी चार हात उठले, आणि मग सगळ्यांना एकदमच उमगलं. उठलेले हात हवेत थांबले. मागून कुणी तरी कुजबुजलं, "अरे, ये तो शादीवाला है," आणि दाबलेलं हसू फुटलं. दिवाकरला कळलं होतं, पण थांबायचं कसं ते कळत नव्हतं. तो म्हणतच राहिला, फाटलेल्या आवाजात, शेवटच्या ओळीपर्यंत.

वनमालाबाईंना बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

गौतमनं अग्नी दिला. ज्वाळा वर चढल्यावर दिवाकर सरलाबाईंसमोर येऊन गुडघ्यांवर बसला. आता ऊन, मोबाइल, नेटवर्क यांचा पाढा ऐकायला मिळणार म्हणून बाई जवळ सरकल्या.

"काकू, मले येत नव्हतं," दिवाकर म्हणाला. आवाज बारीक, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "येत नाही हे मालूम असून उभा राहिलो. माही चूक झाली."

आणखी एक शब्द नाही. बाईंनी शिकवायला नकार दिला होता, हेही त्यानं सांगितलं नाही. बाईंच्या तोंडाशी आलेला टोमणा तिथंच राहिला. सरलाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो उठून गेला. मग वनमालाबाई तिच्या शेजारी बसल्या आणि तिचा हात हातात घेतला.

"तीन साल मी ऐकत होती," सरलाबाई आगीकडे बघत म्हणाली. "ते भुलत अन् तुम्ही मागून सांगत. त्याहिले वाटे का कोणाले मालूम नाही. मी समोरच बसो ना. मले तुमचा आवाज येये."

बाईंनी साडीवर पडलेली राख झटकली.

"आजही तुम्ही मागंच होत्या. मी वाट पाहून राहिली होती. काहून नाही सांगितलं?"

मला कुणी विचारलं नव्हतं. अध्यक्ष तो होता. मेसेजमध्ये नाव त्याचं होतं. एकतीस वर्षं पोरांच्या तोंडून असली उत्तरं ऐकून वनमालाबाईंनी त्यांना बाकावर उभं केलं होतं. त्यातलं एकही आता त्यांना देता येईना.

"आता म्हणू का?" त्यांनी विचारलं.

"आता कोणासाठी?" सरलाबाई म्हणाली. रागानं नाही. हात सोडवून घेऊन तिनं पदर सारखा केला, आणि गौतम तिला उठवून ऑटोकडे घेऊन गेला.

त्या रविवारी विहारात खुर्च्या नव्हत्या. दिवाकरनं चटया अंथरल्या होत्या आणि भिंतीवर चौकटीच्या जागी नुसता खिळा होता. वनमालाबाई आत येताच तो उठला. "मॅडम, तुम्ही समोर बसा. तुम्हीच म्हणा."

बाईंनी मान हलवली. "मी मागं बसते. तू म्हण."

त्यानं शंभर पानी वही काढली, पण उघडली नाही. डोळे मिटून अनित्यतेची गाथा सुरू केली आणि दुसऱ्याच ओळीला अडला. वनमालाबाईंनी शब्द दिला. नेहमीसारखा हळू नव्हे, चांगला खणखणीत, समोर भिंतीपाशी सरलाबाई बसत असे तिथपर्यंत पोचेल असा.

सरलाबाई आली नव्हती.