रिकाम्या गाडीचं माप

माझी पोरगी मसाल्याच्या काट्यावर टूथब्रश तोलून राहिली होती. दांडी तिनं आधीच अर्धी कापली होती, वजन कमी व्हावं म्हणून. मले तिथूनच राग आला.

तेलीबांध्याले ऑफिसात नोकरी करते. तिशी ओलांडली, अन् सुट्टी मिळाली की सायकलीवर सामान बांधून जंगलातल्या कच्च्या रस्त्यानं चार-चार दिवस हिंडते. सायकल अशी की एका हातानं उचलावी. मागं कॅरिअर नाही, कॅरिअर बसवायले भोकंही नाहीत. पिशवी सीटखाली लटकवायची, मागच्या चाकाच्या वर.

तशी एक पिशवी तिच्या आईनं शिवली होती, जुन्या ताडपत्रीची, आजारात. मशीनवर तिनं शेवटचं शिवलं ते हेच. सात महिने झाले बायकोले जाऊन. अन् पोरगी विकतची नवी पिशवी घेऊन आली! आईची खुंटीवर.

"आईच्या हातची तुले जड झाली काय?"

"वजन की बात नहीं है, बाबा." मी मराठीत विचारतो, ही हिंदीत बोलते. मराठी बोलायची ती फक्त आईशी.

"मंग कशाची बात आहे? ब्रशची दांडी कापते, उद्या आईचं नावही कापशील!"

तिनं ब्रश उचलून पुन्हा काट्यावर ठेवला. त्यानं माझं डोकं अजून फिरलं. मी चौथी शिकलो, पण भनपुरीत ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यावर बत्तीस वर्षं ट्रकवर माल बांधला. माझा बांधलेला माल कधी रस्त्यात सांडला नाही. खुंटीवरची पिशवी काढली. तंबू, कपडे, पंप, सगळं ठासून भरलं अन् सीटले अशी आवळली की हलवून दाखव म्हटलं. हललीच नाही.

"बस आता. पाहू काय होते ते."

ती बसली. त्या सायकलीले मोटरसायकलीसारखा शॉकअप आहे. सीट चार बोटं खाली गेली अन् पिशवीचं बूड चाकाले टेकलं. अंगणात दोन हात पुढं गेली तर खर्र, खर्र.

"उतर," म्हटलं. पिशवी सोडून पालथी केली. बूड घासून काळं पडलं होतं अन् आतून ठिगळ लावलं होतं. टाके माझ्या बायकोचे नव्हते.

"हे कधीचं?"

"पहली बार ले गई थी, तभी का."

"तेव्हा काहून नाही सांगितलं?"

"आई ने पूछा था, बरोबर बसली का गं? मैंने बोला, एकदम फर्स्ट क्लास." मंग मराठीत म्हणाली, "काय सांगणार होती मी तिले, बाबा?"

बायकोनं माप घेतलं तेव्हा सायकल भिंतीले टेकवलेली होती. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. रिकाम्या गाडीचं माप! माल चढला की ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे दबतात, हे भनपुरीतलं शेंबडं पोट्टंही सांगेल. पोरीले आधी वर बसव, मंग मोज, एवढं मले बोलता आलं नाही. मी तिच्या बोटांकडे पाहून राहिलो होतो. काड्या झाल्या होत्या त्यांच्या. सात महिने डॉक्टरले शिव्या दिल्या, देवाले दिल्या, आज पोरीले दिल्या. मी मात्र टेप धरून गाढवासारखा उभा होतो.

"आगे हैंडल पे बांध लूँ?" पोरगी हळूच म्हणाली.

"माझ्यासाठी काही बांधू नको! एवढं वजन पुढं घेशील तर उतारावर तोंडावर पडशील."

उसवून चार बोटं कमी करता आली असती. ताडपत्री शिवायचा सुआ घरात आहे, शिवता मलेही येते. सुआ आणला, बायकोच्या टाक्यात घातलाही. पण ओढवेना.

"आण तुझी ती," म्हटलं.

विकतची बांधली. मी दोन्ही हातांनी सीटवर जोर देऊन पाहिला. मंग तिले बसवलं. "अजून दाबून बस. उड्या मार." चाक अन् पिशवीच्या मधात दोन बोटं सरळ गेली. कुठंच घासेना. त्याचा तर अजूनच संताप आला. कोण कुठला कारखानेवाला, माझ्या पोरीले कधी पाहिलं नाही त्यानं, अन् त्याचं बरोबर निघालं.

"गुस्सा हो, बाबा?"

"हव, आहे. परत येशील तेव्हाही राहीन. जा, ऊन चढून राहिलं."