न आलेल्यांची स्टेला

स्टेला गेल्याची बातमी मला मी शिकवते त्या शाळेत, मधल्या सुट्टीत कळली. आमच्या प्रार्थनेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सबिनानं ती टाकली होती. म्हणजे मला कळली तेव्हाच सगळ्यांना कळली, कधीकाळी एकदाच येऊन गेलेल्या पोरांनासुद्धा. रडू नंतर आलं. आधी राग आला, मला वेगळा फोन का नाही म्हणून. कावीळ आहे, बरी होऊन घरी येईल, असंच आम्ही धरून चाललो होतो...

चर्चमागच्या खोलीत दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही जमतो. कॉलेज संपलेले, नोकरीला लागलेले, बहुतेक बिनलग्नाचे. जपमाळ, थोडी गाणी, मग चहा, आणि रविवारी कुणाच्या मदतीला जायचं त्याची चर्चा. फादर कधीतरी डोकावतात, बाकी कारभार आमचाच. टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला असलेली, घरी तेलुगू आणि बाहेर अस्सल सोलापुरी बोलणारी स्टेला या गटाचा जीव होती. जपमाळेतल्या प्रत्येक दहा 'नमो मरिया' प्रार्थना कुणासाठी तरी म्हणायच्या, अशी आमची रीत. कुणी आजारी आईसाठी म्हणतं, कुणी नोकरीसाठी. शेवटच्या दहा स्टेलाच्या. ती नेहमी म्हणायची, "आज न आलेल्यांसाठी," आणि एकेकाचं नाव घ्यायची. रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, झाली की त्यांच्या घरी जाऊन धडकायची.

मी एकही शुक्रवार चुकवत नसे. त्यामुळे माझं नाव तिच्या तोंडी कधी आलंच नाही. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय. सबिनाचं मात्र हमखास यायचं. ही होटगीची, वडील रेल्वेत. आठवड्याआड दांडी मारायची आणि स्टेला तिच्या घरी जेवून यायची. वर मलाच सांगायची, "सबिनाच्या आईनं काय शेंगाची चटणी केलती गं, ज्योती." मी तोंडानं 'हो का' म्हणायचे आणि आतून जळायचे. स्टेला सगळ्यांची होती, हे मान्य. पण सगळ्यांमध्ये मी पहिली आहे, एवढं तिनं एकदा म्हणावं, असं मला फार वाटायचं.

शेवटी एका शुक्रवारी मी ताप आल्याचं कळवलं आणि घरी बसले. रविवारी सकाळपासून घर आवरलं, साजूक तुपातला शिरा केला. स्टेला आली ती सबिनाला घेऊनच. दारातच नाक वर करून म्हणाली, "तापाच्या घरात शिऱ्याचा वास? लईच भारी ताप हाय की." दोघी पोट धरून हसल्या आणि माझा शिरा चाटूनपुसून खाल्ला. जाताना स्टेलानं माझ्या कपाळावर हात ठेवला. "दर वेळी येणारीसाठी काय मागायचं गं? तू हाईस की हितंच." मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही.

मातीच्या दिवशी जो तो आपली गोष्ट सांगत होता, स्टेला आपल्या घरी कशी आली, काय बोलली. सबिना तर पेटीला धरून अशी रडत होती, की लोक तिचंच सांत्वन करत होते. मी कोपऱ्यात उभी. मला एक ग्लास पाणी कुणी विचारलं नाही.

त्यानंतर मी शुक्रवारी जायचं सोडलं. तिला जाऊन महिना झाला तेव्हाच्या मिस्सेलाही मागच्या बाकावर बसले आणि कुणी गाठायच्या आत निघाले. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी दार वाजलं. बाहेर सबिना. मी 'ये'सुद्धा म्हटलं नाही. तीच बोलली.

"दवाखान्यात तिनं मला सांगितलंतं. म्हणली, मला काय झालं तर ज्योती रुसून घरात बसंल. तिला आणायला तूच जा. तुज्यावर ती लई जळती. भांडंल, पन येईल."

मला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडू. सबिना हसली नाही. भिंतीकडे बघत म्हणाली, "मी न्हाई आले तर मला आणायला तिनं कुणालाच सांगितलं न्हाई." खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. तेवढ्यावर मी पायात चपला सरकवल्या.

खाली स्टेलाची स्कूटर उभी होती. तिच्या आईनं ती गटाच्या कामाला दिली होती. सबिनानं चावी पुढे केली. "तू चालव."

"तू आणलीस, तूच चालव."

"येताना एकटी हुते. आता तू हाईस."

ती का अडली ते मला कळत होतं, कारण मीही तिथंच अडले होते. स्टेलाच्या मागे, तिच्या खांद्यावर हात ठेवून बसायची आम्हा दोघींची सवय. पुढे बसायला कुणीच तयार होईना. शेवटी एका बाजूनं तिनं हँडल धरलं, दुसऱ्या बाजूनं मी, आणि स्कूटर ढकलत आम्ही चर्चकडे निघालो.

न आलेल्यांच्या घरी आता आम्ही दोघी जातो. लांब जायचं असलं तर रिक्षा करतो. जवळ असलं तर स्कूटर अशीच ढकलत नेतो. वाटेत लोक विचारतात, पेट्रोल संपलं का? आम्ही हो म्हणतो.